जपानच्या खेड्यात इंग्रजी शिकवायला निघालेय – तयारी कशी करू?

मुक्तछंदी | ११ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. आठ वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी चिपळूणची, वय २९. एम.ए. इंग्रजी. चार वर्षं ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं (तासिका तत्त्व म्हणजे काय, ते इथल्या शिक्षकांना सांगायला नको). जपानमधल्या शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीने नोव्हेंबरात ऑनलाइन मुलाखत घेतली आणि डिसेंबरात नेमणूक कळवली. वाकायामा प्रांत, हद्द तानाबे शहराची, पण प्रत्यक्षात शहरापासून बसने दीड तास आत, डोंगरात. दोन प्राथमिक शाळा, एक माध्यमिक. हुद्दा एएलटी, म्हणजे जपानी शिक्षकाच्या जोडीला वर्गात उभा राहणारा सहाय्यक. पगार महिना २,३०,००० येन. १ एप्रिलला रुजू व्हायचंय.

जपानी भाषेच्या परीक्षेची एन-फोर पातळी झालीय (एन-फाईव्ह सगळ्यात खालची, एन-वन सगळ्यात वरची), परीक्षा पुण्याला दिली. कंपनी म्हणते गाडी चालवता आली पाहिजे. माझ्याकडे लायसन्स आहे, पण अ‍ॅक्टिव्हाचं.

तर सामान काय नेऊ, थंडी किती, पैसे किती लागतील? मासे खाते, बीफ-पोर्क नाही. आणि आईचा प्रश्न आहे, "त्या डोंगरात एकटी राहून करणार काय?" याचं उत्तर कुणाकडे असेल तर तेही द्या.

सातवा_मजला | ११ जानेवारी, रात्री ११.२५

अभिनंदन गं! मी नऊ वर्षं तोक्योत, निशी-कासाईत. पण माझा तुला फारसा उपयोग नाही. आमच्याकडे खाली उतरलं की तूरडाळ मिळते, तोक्यो मराठी मंडळ आहे, लिफ्टमध्ये कुणीतरी मराठीत फोनवर भांडत असतं. तुझं जपान वेगळं असणार.

तरी एक सांगते. भारतातला मिक्सर आणू नकोस. इथे १०० व्होल्ट. आपला २३० चा मिक्सर नुसता घरघरतो, चटणी होत नाही. खलबत्ता आण. आणि घरात शेगडी गॅसची आहे की विजेची, ते आधी विचार. विजेची म्हणजे इंडक्शनची असली तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा घे.

घाटमाथा | १२ जानेवारी, सकाळी ७.१०

कुकर-खलबत्ते नंतर. आधी सांगा, तुमचं सीओई आलं का? आणि शाळेचं माध्यम काय होतं?

विचारतोय कारण मी मिए प्रांतात, ओवासेजवळच्या डोंगरात चार वर्षं हेच काम केलं आणि या एका मुद्द्यावर माणसं अडकलेली पाहिली. सीओई म्हणजे पात्रतेचा दाखला. तो तिकडून कंपनीने इमिग्रेशनकडे अर्ज करून मिळवायचा, मग तो दाखवून मुंबईच्या वकिलातीकडून व्हिसा. त्यात एक अट आहे. शाळेत 'शिक्षक' सोडून दुसऱ्या पदावर राहून परकी भाषा शिकवणाऱ्याचं (एएलटी यातच येतो) त्याच भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं हवं. इंग्रजीत एम.ए. असणं वेगळं आणि इंग्रजीतून शिकलेलं असणं वेगळं. ते दुसरं मोजतात.

ओळखीतली एक मुलगी, विद्यापीठात पहिली आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीपासून मोजलं: २+३+२, म्हणजे ७. तिच्यापेक्षा चांगलं इंग्रजी बोलणारं माणूस मी त्या अख्ख्या प्रांतात पाहिलं नाही. पण कागदावर सात म्हणजे सात.

मुक्तछंदी | १२ जानेवारी, दुपारी १.०५

बाप रे. कंपनीने शाळेच्या माध्यमाचा दाखला मागितलाय खरा, मला वाटलं एक उपचार असेल.

माझा हिशेब: चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची मराठी शाळा. पाचवी ते दहावी इंग्रजी माध्यम, ६. अकरावी-बारावी सायन्स, २. बी.ए. ३ (इकॉनॉमिक्सचे पेपरही इंग्रजीतून लिहिले होते, तेव्हा मैत्रिणी हसल्या होत्या). एम.ए. २. एकूण १३. काठावर पास.

पण पाचवी ते सातवीची ती छोटी शाळा केव्हाच बंद झाली. आणि शाळा सोडल्याचा दाखला, मार्कलिस्टा, सगळी फाईल २०२१ च्या जुलैमधल्या पुरात गेली. आमच्या तळमजल्यावर छताला हात लागेल इतकं पाणी होतं. बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या प्रती नंतर काढल्या, या शाळेच्या काढायच्या राहिल्या.

घाटमाथा | १२ जानेवारी, दुपारी २.३०

१३ मधून ३ गेले तर १०. तेव्हा बाकी सगळं सोडा आणि या आठवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. बंद शाळेचं दप्तर, विशेषतः जनरल रजिस्टर, कुठे जमा झालं ते तिथूनच कळेल. रजिस्टरचा उतारा मिळाला तरी चालेल, पण त्यावर माध्यम लिहिलेलं हवं. नुसता बोनाफाईड बिनकामाचा. दहावीची मार्कलिस्ट जोडा, तिच्यावर इंग्रजी 'फर्स्ट लँग्वेज' असं छापलेलं असतं, तो चांगला आधार आहे. जातानाच एक अर्ज टाइप करून न्या. कारकुनाला मसुदा तयार मिळाला की त्याचंही काम हलकं होतं.

स्पष्टवक्ता | १२ जानेवारी, रात्री ९.५०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. इथे आपल्या खेड्यांत इंग्रजी शिकवायला माणूस नाही आणि आपण निघालो जपान्यांना शिकवायला. तेही सहाय्यक म्हणून! एम.ए. होऊन टेपरेकॉर्डर व्हायचं?

मुक्तछंदी | १२ जानेवारी, रात्री १०.१५

राग नाही. चार वर्षं आपल्याच खेड्यातल्या मुलांना शिकवलं. तासाला पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी, मे महिन्यात शून्य. कायम होण्याची वाट बघत माझे दोन सहकारी पन्नाशीला आले. टेपरेकॉर्डरला निदान दरमहा वीज मिळते.

गुरुजी_जव्हार | १३ जानेवारी, सकाळी ६.२०

टेपरेकॉर्डर आवडला :)

ताई, प्राथमिक शाळांचा पट किती आहे? जपानी डोंगरी शाळांतही एका शिक्षकाकडे दोन इयत्ता एकत्र असतात असं वाचलंय. आमच्याकडे पहिली ते चौथी मिळून १७ मुलं, शिक्षक दोन. तुम्हाला तसा वर्ग मिळाला तर ते कसं शिकवतात ते इथे जरूर लिहा, मला फार उत्सुकता आहे.

अवांतर: तुमच्याच वाकायामात कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावरच्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे. २०१५ मध्ये आपल्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालं. गेलात तर आमच्या वतीने एक फूल.

घाटमाथा | १३ जानेवारी, रात्री ८.४०

गुरुजी, बरोबर वाचलंत. त्याला तिकडे 'फुकुशिकी' वर्ग म्हणतात. माझ्या एका शाळेत पाचवी-सहावी मिळून पाच मुलं होती. फळ्याची दोन टोकं, शिक्षक एकीकडून दुसरीकडे. मी गेलो तेव्हा मला वाटलं आपण पाटणच्या वरच्या अंगाला आलोय. गावातली निम्मी घरं बंद, दारात गवत, आणि सगळ्यात तरुण शेतकरी ६८ वर्षांचा. कोकणातल्या माणसाला हे नवं नाही. तिकडे चाकरमानी ओसाकाला जातात, एवढाच फरक.

मुक्तछंदी, कामाबद्दल थोडं. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५ तास, तिथे गाणी-खेळच जास्त. माध्यमिकला इंग्रजीचा स्वतंत्र शिक्षक असतो, पण प्राथमिकला बऱ्याचदा वर्गशिक्षकच इंग्रजी घेतो आणि त्याला त्या तासाची तुमच्यापेक्षा जास्त भीती असते. कागदावर तुम्ही सहाय्यक, प्रत्यक्षात त्या ४५ मिनिटांची पालखी तुमच्या खांद्यावर. माध्यमिकला मात्र स्पष्टवक्ते म्हणाले तसं कधीकधी खरंच होतं. धडा वाचा, मुलं मागून म्हणतील, संपलं. ते पहिल्या सहा महिन्यांत मनाला लावून घेऊ नका.

शाळेत पोचलात की आधी उपमुख्याध्यापकांना (क्योतो-सेन्सेई) धरा. मुख्याध्यापक भाषणं करतात, शाळा हे चालवतात. मधल्या सुट्टीनंतर मुलं झाडू-फडकी घेऊन शाळा पुसतात, तेव्हा तुम्हीही फडकं घ्या. माझं जपानी तिथेच सुधारलं. सहावीतल्या एका मुलाने फरशी पुसता पुसता मला क्रियापदं शिकवली.

उच्चारांचंही बघा. आपल्या मराठी कानाला व्ही आणि डब्ल्यू दोन्ही 'व'च. त्यांना तोच गोंधळ बी आणि व्हीचा, आणि र-ल चा. आरशासमोर 'व्हेरी वेल' म्हणा रोज. मला हे एका चौथीतल्या मुलीने ऐकवलं: सेन्सेई, तुमचा ओठ पुस्तकातल्या चित्रासारखा होत नाही.

सातवा_मजला | १३ जानेवारी, रात्री ९.३०

आणि आडनाव! जपानीत जोडाक्षर नाही, ळ नाही. माझ्या नवऱ्याचा कुलकर्णीचा 'कुरुकारुनी' झालाय. तुझं पहिलं नाव छोटं असेल तर मुलांना तेच सांग.

पण जपानी शिकताना मराठीचा फायदा घे. क्रियापद शेवटी, आणि विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे. 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे, 'नि' बराचसा ला. इंग्रजीतून अर्थ लावत बसू नकोस, सरळ मराठीतून जपानीत उडी मार.

लिंबूटिंबू | १४ जानेवारी, दुपारी १२.००

गाडीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी कोची प्रांतात, शिकोकू बेटावर. बायको एएलटी, मी घरी बसून कोडिंग.

आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, हे मोठं सुख. जपान १९४९ च्या जिनिव्हा कराराचा आंतरराष्ट्रीय परवाना मानतं. भारत त्या करारात आहे, त्यामुळे आपल्या आरटीओचा परवाना चालतो. तो एक वर्षाचा असतो, म्हणून निघायच्या अगदी आधी काढा, प्रत्येक दिवस मोलाचा. पण त्यासाठी आधी चारचाकीचं लायसन्स हवं. आज लर्निंग काढलंत तरी पक्क्याच्या परीक्षेआधी ३० दिवस जाणार.

खरी गोम पुढे आहे. वर्ष संपल्यावर भारतीय लायसन्स जपानी करून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी लायसन्स मिळाल्यानंतर तुम्ही एकूण तीन महिने भारतात राहिला होता हे पासपोर्टच्या शिक्क्यांवरून दाखवावं लागतं. फेब्रुवारीच्या मध्यात लायसन्स आणि मार्चअखेरीस विमान, म्हणजे चाळीसेक दिवस. बाकीचे सुट्टीत घरी येऊन भरा, ते बेरजेत धरतात. परीक्षाही २०२५ च्या ऑक्टोबरपासून कडक झालीय. पूर्वी १० प्रश्न असायचे, आता ५०, त्यातले ४५ बरोबर हवेत. शिवाय मैदानातली प्रत्यक्ष परीक्षा. बायको तिसऱ्या खेपेस पास झाली. पहिल्यांदा नापास का, तर डावीकडे वळताना मान वळवून पाहिलं नाही. आरशात पाहिलं होतं, पण मान वळलेली परीक्षकाला दिसावी लागते.

गाडी पिवळ्या नंबरप्लेटची 'केई' घ्या, ६६० सीसीची. डोंगरातल्या बोळांतून तीच जाते. जुनी घेताना 'शाकेन'ची मुदत किती उरलीय ते बघा. ती सक्तीची तपासणी दर दोन वर्षांनी येते आणि खिसा कापते. स्वस्त गाडी बहुतेक त्याच्याच तोंडावर विकायला काढलेली असते.

मुक्तछंदी | १४ जानेवारी, रात्री ९.१५

आज लर्निंगचा अर्ज भरला. मोटार ट्रेनिंगवाले काका म्हणाले, "जपानला? मग हॉर्न वाजवायचं शिकवत नाही."

घाटमाथा | १५ जानेवारी, सकाळी ७.३०

थंडीचं राहिलं. तुमच्याकडे बर्फ फारसा नाही, पण जपानी खेड्यातलं घर बाहेरच्यापेक्षा आत गार असतं. भिंतीत उबेचा थर नाही, काच एकेरी. डिसेंबरात सकाळी स्वयंपाकघरात तोंडातून वाफ निघते. रॉकेलचा हीटर आणि १८ लिटरचा डबा हे घरचे सदस्य समजा. मात्र तासातून एकदा खिडकी उघडायची आणि झोपताना हीटर बंद, यात तडजोड नाही. मुंबईतून जाड जॅकेट नेऊ नका, तिकडे चांगलं आणि स्वस्त मिळतं. त्याऐवजी एप्रिलच्या समारंभासाठी काळा सूट शिवून न्या, तिथल्या मापात बाह्या आखूड पडतात. साडी शरदातल्या शाळेच्या उत्सवाला नेसा, गाव लोटेल.

पावसाची तुम्हाला सवय आहे. आमच्या ओवासेत वर्षाला जवळजवळ ४००० मिमी. पण २०११ च्या सप्टेंबरमधल्या वादळाने या कीई द्वीपकल्पात (तुमचं वाकायामा, आमचं मिए यातच) नद्या आणि डोंगर दोन्ही खाली आणले होते. तुम्ही चिपळूणच्या, जास्त सांगत नाही. घर हाती आलं की पालिकेकडून धोक्याचा नकाशा मागा. कुठे पूर, कुठे दरड, कुठल्या शाळेत आसरा, सगळं त्यात असतं.

जेवण: माध्यमिकपर्यंत शाळेत सगळ्यांना एकच जेवण, वर्गात मुलांबरोबर बसून. बीफ-पोर्क नको हे रुजू व्हायच्या आधी कंपनीमार्फत लेखी कळवा आणि त्या दिवशी डबा न्यायची परवानगी घ्या. मासे खाता म्हणजे निम्मी लढाई जिंकलात. शुद्ध शाकाहाऱ्याचे हाल होतात, कारण साध्या भाजीच्या रश्श्यातही बोनितो माशाचा अर्क असतो. कोयासानला मठांमधलं जेवण तेवढं निर्धास्त. शेजारच्या मिनाबेत उमे नावाचं फळ पिकतं, ते खारवून उमेबोशी करतात. आंबट-खारट, आपल्या लोणच्याची जपानी मावसबहीण. भातावर एक टाका.

सातवा_मजला | १५ जानेवारी, सकाळी ११.००

सामानात कढीपत्ता, ताजी फळं, मिरच्या अजिबात नको. विमानतळावर काढून घेतात. मसाले कोरडे, पाकीटबंद. औषधंही जपून, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आपल्याकडे सहज मिळतं, तिथे महागात पडू शकतं.

स्पष्टवक्ता | १५ जानेवारी, दुपारी ४.२०

पैशाचं कुणी बोलत नाही. २,३०,००० येन म्हणजे हातात किती?

घाटमाथा | १५ जानेवारी, रात्री ८.५५

हा प्रश्न चांगला विचारलात. विमा, पेन्शन, कर जाऊन साधारण १,९०,०००. खेड्यात घरभाडं कमी असल्याने भागतं, शिल्लकही पडते. पण तीन खड्डे आहेत.

एक, काही कंपन्या ऑगस्टच्या सुट्टीत पगार कापतात. करारात '१२ महिने पूर्ण' असं लिहिलंय का बघा. दोन, पहिला पगार कधीकधी मेअखेरीस येतो. गाडी, घराचं डिपॉझिट आणि दोन महिन्यांचा किराणा धरून चार लाख रुपये तरी हाताशी हवेत. तीन, रहिवासी कर. तो आदल्या वर्षाच्या कमाईवर लागतो, म्हणून पहिल्या वर्षी शून्य. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये पत्र येतं आणि माणूस मटकन खाली बसतो.

मी गेलो तो जेट कार्यक्रमातून. परदेशी तरुणांना शाळा-पालिकांत नेमणारा जपानचा सरकारी कार्यक्रम, १९८७ पासून चालू आहे. तिथे पहिल्या वर्षाचा पगार २०२५ पासून वर्षाला ४०,२०,००० येन केलाय. तुमचे बारा महिने पूर्ण मिळाले तरी होतात २७,६०,०००. फरक लक्षात घ्या. पण जेटमध्ये भारतातून अगदी मोजके जातात, म्हणून मिळालंय ते सोडा असं मी म्हणणार नाही. वर्षभर तिथे राहून, भाषा सुधारून थेट पालिकेच्या नोकरीसाठी अर्ज करा. नगरपालिका स्वतः नेमते तेव्हा मधला दलाल जातो.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर: संध्याकाळी पाचला गावभर भोंग्यावर एक धून वाजते आणि सगळं बंद. पहिले दोन महिने ती धून नकोशी होते, खोटं नाही सांगत. मग शेजारची आजी दारात मुळे ठेवून जाते. तिला तुम्ही काहीतरी परत देता, ती पुन्हा काहीतरी ठेवते, आणि हे चक्र थांबवता येत नाही. चिक्की न्या भरपूर. मोहल्ल्याची फिरती पाटी, 'कायरानबान', घरोघर जाते. ती वेळेत पुढच्या घरी पोचवा. आणि कचरा ठरलेल्या पिशवीत ठरलेल्या दिवशी. या दोन गोष्टी सांभाळल्या की गाव तुमचं.

मुक्तछंदी | ३ फेब्रुवारी, रात्री ११.१०

अपडेट. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात चार खेपा झाल्या. पहिल्यांदा "असली शाळाच नव्हती" असं उत्तर. तिसऱ्या खेपेला तिथल्या एका शिपाईकाकांनी सांगितलं की दप्तर दुसऱ्या एका शाळेच्या माडीवर ठेवलंय. माडीवर होतं म्हणून पुरातून वाचलं! रजिस्टरात माझं नाव सापडलं, तिसऱ्या ओळीत, बाबांची सही. माध्यमासकट उतारा मिळाला. कंपनीला पाठवला.

मुक्तछंदी | ५ मार्च, संध्याकाळी ६.४५

सीओई आलं!! हल्ली ते ईमेलनेच येतं, प्रिंट काढून व्हिसाचा अर्ज केला. तीन महिन्यांची मुदत असते, पुरेशी आहे. चारचाकीचं लायसन्स १७ फेब्रुवारीला मिळालं, आंतरराष्ट्रीय परवाना पुढच्या आठवड्यात. करारात ऑगस्टचा पगार ६० टक्के निघाला. घाटमाथा, तुम्ही नसतं सांगितलं तर मी ते पान वाचलंच नसतं. भांडून बघितलं, हलले नाहीत. जातेय तरीही.

गुरुजी, पट कळला. एका शाळेत ११, दुसरीत २३. फुकुशिकी आहे.

गुरुजी_जव्हार | ५ मार्च, संध्याकाळी ७.०२

अकरा! मग तुमची शाळा आमच्यापेक्षा लहान. फळ्याचा फोटो पाठवा, मुलांचा नको, नुसता फळ्याचा.

अश्विनी_दापोली | ६ मार्च, सकाळी १०.३०

अभिनंदन ताई. मी बी.ए. झालेय, मलाही असंच जायचंय. माझं सेमी-इंग्लिश होतं पाचवीपासून. ते धरतात का? आणि त्या दाखल्यावर नेमकं काय लिहून घेतलंत?

घाटमाथा | ६ मार्च, दुपारी १.१५

अश्विनी, सेमीत फक्त गणित-विज्ञान इंग्रजीतून. 'सर्व विषय' असं शाळा प्रामाणिकपणे लिहूच शकत नाही, आणि खोटं लिहून घेऊ नकोस, पुढची सगळी वाट बंद होईल. तू जपानी शिक. जेटमध्येच सीआयआर म्हणून पद असतं, पालिकेत आंतरराष्ट्रीय संपर्काचं काम. तिथे इंग्रजी माध्यमाची नाही, उत्तम जपानीची कसोटी लागते. एन-टू पर्यंत पोच, मग बोलू.

मुक्तछंदी | ६ मार्च, रात्री ९.४०

अश्विनी, माझ्या उताऱ्यात इतकंच आहे: नाव, जन्मतारीख, इयत्ता पाचवी ते सातवी, तिन्ही शैक्षणिक वर्षं, आणि एक वाक्य, "या कालावधीत सर्व विषयांचे अध्यापन इंग्रजी माध्यमातून झाले." खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. जावक क्रमांक विसरू नकोस, त्यासाठी माझी चौथी खेप झाली. तीन प्रती घे. एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर ठेव.